कोंडाईबारीचा उतार आणि फुटका सायलेन्सर

साक्रीला रेल्वे नाही. तापी खोऱ्यातली सुरत-भुसावळ लाइन उत्तरेकडून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा करत निघून गेली. धुळ्याला 1900 मध्ये चाळीसगावहून फाटा आला तो तिथेच थांबला. मधला हा लांबरुंद तालुका रस्त्याच्या भरवशावर राहिला. सुरत-नागपूर महामार्ग कोंडाईबारीचा घाट चढून दहिवेल आणि साक्रीवरून धुळ्याकडे जातो. पिंपळनेरच्या पुढे पश्चिमेला डोंगर सुरू होतात आणि पाड्यांच्या वाटा लागतात. कांद्याची पट्टी आणायची असो, दुधाचे कॅन पोचवायचे असोत की बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असो, गाडी चालू असणं ही इथली पहिली गरज. म्हणूनच या भागाचा इतिहास लिहिताना गॅरेजवाल्या मिस्तरीला जागा दिली पाहिजे. ती आजवर फारशी कोणी दिलेली नाही.

बाहेरच्या देशांत अशा खाचखळग्यांसाठी वेगळ्या गाड्या निघाल्या. होंडाने 1970 मध्ये अमेरिकेत फुगीर टायरांची तीनचाकी विकायला काढली. पुढे चारचाकी आल्या आणि शेता-जंगलांत रुळल्या. या गाड्या बनवणारी पोलॅरिस कंपनी भारतात आली ती 2011 मध्ये. तोवर, आणि त्यानंतरही, साक्री तालुक्यात हे काम साध्या मोटरसायकलींनी आणि जिपांनी केलं. डांबरी रस्त्यासाठी बनवलेली गाडी नाल्यातून, दगडांवरून, तिघांना आणि दोन पोत्यांना घेऊन गेली, की सगळ्यांत आधी खिळखिळी होते ती सायलेन्सरची जोडणी.

मग उतारावर गाडी बोलू लागते. “गाडी फटाका फोडी ऱ्हायनी,” असं सांगत गिऱ्हाईक गॅरेजात येतं. मिस्तरीचा पहिला प्रश्न असतो: कार्बोरेटरमधून की सायलेन्सरमधून? हा प्रश्न साधा वाटला तरी निम्मं निदान त्यातच आहे. आग उलटी कार्बोरेटरकडे आली, तर दोष टायमिंगचा किंवा व्हॉल्व्हचा असण्याची शक्यता जास्त. आवाज मागून येत असेल आणि तोही रेस सोडल्यावर, तर सिलिंडरला जोडलेल्या बेंड पाइपाजवळ हवा शिरते आहे, हे बहुतेक ठरलेलं. घाट उतरताना थ्रॉटल बंद असतो, सिलिंडरमधलं मिश्रण नीट पेटत नाही, न जळलेली पेट्रोलची वाफ तापलेल्या पाइपात जाते. तिथे फाटलेल्या पॅकिंगच्या फटीतून ताजी हवा ओढली गेली, की ती वाफ पाइपातच पेटते. कोंडाईबारीच्या लांब उतारावर हा दोष हमखास उघडा पडतो. सपाटीवर तोच दोष दिवसेंदिवस लपून राहू शकतो.

सायलेन्सर ही वस्तू मोटारीइतकीच जुनी म्हणावी लागेल. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंनी तिचं पेटंट 1897 मध्ये घेतलं. खानदेशातल्या खेड्यांत मात्र तिची पहिली ओळख मोटारीमुळे झाली नाही. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाने ती करून दिली. खडकीची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 ची. अशा इंजिनांचा धूर काढणाऱ्या पाइपाची फट बुजवता बुजवता अनेक शेतकऱ्यांना पॅकिंग म्हणजे काय ते कळलं. पुढच्या मोटरसायकल मिस्तरींची पहिली शाळा ती, असं मानायला हरकत नाही.

मोटरसायकली आल्या त्या 1960 नंतर. म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961 मध्ये उत्पादन सुरू केलं आणि 1973 पासून तीच गाडी येझदी नावाने निघू लागली. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली. ग्रामीण भागात तिच्यावर दुधाचे कॅन चढले. 1972 मध्ये पुण्याच्या फिरोदियांची लुना आली आणि शिक्षकापासून तलाठ्यापर्यंत अनेकांच्या दाराशी उभी राहिली.

या गाड्यांनी मिस्तरींना खूप शिकवलं, त्यातही जावा-येझदीने विशेष. तिच्या एकाच सिलिंडरला धूर बाहेर पडण्याची दोन तोंडं, म्हणून दोन पाइप आणि गळतीच्या दोन जागा. पाइप सिलिंडरला धरून ठेवणारा मोठा गोल पंखेदार नट हादऱ्यांनी सैल व्हायचा. तो आवळायला आकड्याचा खास पाना लागतो. पाना नसला की काही जण छिन्नी-हातोड्याने ठोकायचे, पंखे तुटायचे, आणि त्याहून वाईट म्हणजे सिलिंडरचे आटे जायचे. आटे गेलेल्या सिलिंडरवर नट कधीच नीट बसत नाही. जाणता मिस्तरी आधी इंजिन थंड होऊ द्यायचा, जुनी रिंग खरवडून काढायचा, आटे तारेच्या ब्रशने साफ करायचा, नवी रिंग बसवून नट हाताने जाईल तेवढा फिरवायचा आणि मगच पान्याला हात लावायचा. गाडी चालू करून सायलेन्सरच्या टोकाशी चिंधी धरायची. दाब वाढला की जोडावर फुस्स आवाज येतो की नाही ते ऐकायचं. तिथे काळी काजळी दिसली तर ऐकायचीही गरज नाही.

टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, त्याची काजळी सायलेन्सरच्या आतल्या जाळीत बसते. गाडी दमते, चढ घेत नाही. मग जाळी काढून विस्तवात लालबुंद करायची आणि ठोकून झाडायची, किंवा सायलेन्सरमध्ये कॉस्टिक सोडा भरून ठेवायचा. याच्या जोडीला ठिणगी पाडणारे पॉइंट होते. पॉइंटमधलं अंतर जरा चुकलं की ठिणगी अवेळी पडते. फिलर गेज असला तर उत्तम, नसला तर सिगारेटच्या पाकिटाचा कागद सरकवून माप घेणारे हात होते, आणि ते माप बरोबर यायचं.

जिपांची गोष्ट जास्त गंभीर. महिंद्राने 1947 पासून विलीस जीप जोडायला घेतली, आणि पुढे ती गावोगाव पोचली. जिपेच्या मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं तर आवाजाबरोबर कार्बन मोनॉक्साइडही बाहेर येतो. त्याला रंग नाही, वास नाही. पावसाळ्यात ताडपत्री चारही बाजूंनी बांधून माणसं कोंबून बसवली, की हा वायू आत साठण्याचा धोका खरा असतो. डोकं दुखू लागलं तर ते प्रवासाच्या शिणामुळे, अशी समजूत करून घेणं घातक आहे.

1985 मध्ये हिरो होंडाची सीडी-100 आली. फोर-स्ट्रोक इंजिन, पॉइंटच्या जागी सीडीआय, तेलाची बाटली नाही. येझदीचं उत्पादन 1996 मध्ये थांबलं. 2000 च्या प्रदूषण नियमांनंतर टू-स्ट्रोक मोटरसायकली बाजारातून जवळपास गेल्या. मिस्तरींच्या हातातली अर्धी विद्या दहा-पंधरा वर्षांत निकामी झाली, ही हानी मोठी होती.

फटाका मात्र गेला नाही. धूर शुद्ध व्हावा म्हणून अनेक नव्या गाड्यांत एक्झॉस्टच्या तोंडाशी मुद्दाम थोडी हवा सोडली जाते. तिचा व्हॉल्व्ह किंवा पडदा बिघडला की रेस सोडताच पाइपात फटफट होते. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि नव्या मोटरसायकलींत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. आता पाइपात ऑक्सिजन सेन्सर बसतो. त्याच्या आधी गळती असेल तर सेन्सरला बाहेरची हवा लागते, मिश्रणात पेट्रोल कमी आहे असा त्याचा समज होतो आणि गाडी उगाच जास्त पेट्रोल ओढते. पाइपात पेट्रोल जळत राहिलं तर आतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळून बसतो. म्हणजे विस्तवात टाकून, ठोकून सायलेन्सर साफ करण्याची जुनी रीत या गाड्यांना अजिबात चालत नाही.

आणि आता तर चांगला सायलेन्सर काढून मुद्दाम फटाके फोडणारा बसवतात. ज्या दोषाशी मिस्तरींच्या दोन पिढ्या झगडल्या, तो पैसे देऊन विकत घेणं चूक आहे, आणि गुन्हाही आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) मध्ये 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, शिवाय तीन महिने लायसन्स जातं.

गाडी उतारावर फुटू लागली तर कार्बोरेटरच्या जेटला, स्क्रूला हात लावण्याआधी बेंड पाइपाच्या जोडावर काजळी आहे का ते पाहा. असली तर इंजिन थंड असताना पॅकिंग बदला, जुनं पुन्हा वापरू नका, आणि दोन्ही नट थोडे थोडे आलटून पालटून आवळा.