एक नांव, दोन खेळ

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझा नातू आणि सिडकोंतील त्याचा एक मित्र यांच्यांत अबोला पडला. भांडणाचें मूळ बास्केटबॉलच्या एका व्हिडिओ गेममध्यें होतें. छत्रपती संभाजीनगरांतील आमच्या घरीं नातू तो खेळ संगणकावर, कळफलकाच्या कळा दाबून खेळतो. मित्राकडे तोच खेळ दूरदर्शनसंचास जोडलेल्या प्लेस्टेशनवर आहे. घरीं हमखास जिंकणारा नातू तेथें सपाटून हरला व म्हणाला, ‘हा खेळच वेगळा आहे.’ मित्र म्हणाला, ‘खेळ तोच, तुला येत नाहीं.’ छत्तीस वर्षें मुलांचे तंटे सोडविण्यांत गेलीं असल्यामुळें निवाडा माझ्याकडे आला. आणि मागचा इतिहास पाहिल्यावांचून निकाल देण्याची मला संवय नाहीं.

१९७८ सालीं अटारी या अमेरिकन कंपनीनें आपल्या घरगुती खेळयंत्रासाठीं बास्केटबॉल काढला. त्या यंत्राची तात्पुरती स्मृति १२८ बाइट, म्हणजे जेमतेम १२८ इंग्रजी अक्षरें मावतील एवढी! प्रत्येक बाजूस एकच खेळाडू. १९८३ सालीं ज्यूलियस अर्व्हिंग आणि लॅरी बर्ड या नामांकित खेळाडूंच्या द्वंद्वाचा ‘वन ऑन वन’ हा खेळ आला, तो मात्र प्रथम अ‍ॅपल संगणकावर. त्यांत जोरानें उडी घेऊन चेंडू कडींत दाबला, कीं कधीं कधीं मागच्या फळीची काच फुटे आणि झाडूवाला कुरकुरत येऊन तुकडे लोटून नेई. घरगुती यंत्राकडे हा खेळ मागाहून गेला. संगणक त्या वेळीं वडील बंधु होता.

पुढें हें नातें फिरलें. आज मुलांच्या तोंडीं असलेली ‘एनबीए टू-के’ ही मालिका १९९९ सालीं सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट यंत्रावर जन्मली. संगणकावर यावयास तिला २००८ साल उजाडलें. २०२० च्या नोव्हेंबरांत प्लेस्टेशन फाइव्ह व एक्सबॉक्स सिरीज एक्स हीं नवीं यंत्रें बाजारांत आलीं, तेव्हां त्यांच्यासाठीं खेळाची बांधणी नव्यानें झाली. संगणकास मात्र जुन्या यंत्रांचीच बांधणी मिळाली. २०२३ च्या आवृत्तींत प्रत्यक्ष सामन्यांच्या चित्रफितींवरून खेळाडूंच्या हालचाली उतरविण्याची रीत आली, ती नव्या यंत्रांपुरतीच. त्याच वर्षीं या दोन कंपन्यांच्या नव्या यंत्रांवरील मुलें एकमेकांशीं खेळूं लागलीं. त्या पंक्तींतहि संगणकाचें पान मांडलें गेलें नाहीं. २०२४ च्या सप्टेंबरांत ‘टू-के ट्वेंटीफाइव्ह’ आला, तेव्हां कोठें नवी बांधणी संगणकावर पोंचली. चार वर्षें एका नांवाखालीं दोन खेळ विकले जात होते. निदान नांवांत तरी फरक हवा होता, असें माझें मत आहे.

परंतु बांधणी एक असली तरी हात एक नसतात. कळ दाबलेली असते किंवा सोडलेली. तिला ‘थोडेंसें’ हा शब्द ठाऊक नाहीं, आणि चार कळांतून निघून निघून आठ दिशा निघतात. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर अंगठ्याखालीं जी काडी असते, ती कोणीकडे आणि किती ढकलली, हीं दोन्ही यंत्रास कळतात. टप्पे देत देत प्रतिपक्षास हुलकावणी देण्याची सारी कला त्या ‘किती’मध्यें आहे. पेटीवर मींड निघत नाहीं, सारंगीवर सहज निघते, तसा हा भेद. शिवाय चेंडू फेंकतांना बटन सोडण्याचा क्षण अचूक साधावा लागतो. दूरदर्शनसंच चित्र किंचित् उशिरां दाखवीत असेल, तर घरीं संवयीनें बसलेला ताल तेथें चुकतो. हा उशीर डोळ्यांना कळत नाहीं; हातांना कळतो.

मीं निकाल दिला, दोघेहि खरे. तो दोघांनाहि पटला नाहीं, ही आमच्या धंद्यांतील नेहमींचीच गोष्ट. पुढच्या रविवारीं मात्र मित्र आपला कंट्रोलर घेऊन आला आणि तारेनें तो आमच्या संगणकास जोडला. पाळीपाळीनें खेळ सुरू झाला. नातवाचे अंगठे तासभर अडखळत होते. मित्रास कळफलकावर एकहि चेंडू कडींत घालतां येईना. अबोला केव्हां सुटला हें मला समजलें नाहीं. दोघेहि एकदम चहा मागूं लागले, तेव्हां लक्षांत आलें.