सिरीच्या तटाआडची यादवकन्या

दिल्लीच्या तख्ताशी मराठी माणसाचा संबंध केव्हा आला, असे कोणी विचारले तर आपण भाऊसाहेबांनी १७६० साली लाल किल्ल्यातील चांदीचे छत उतरविले ती हकीकत सांगतो; फार तर बाजीरावाच्या १७३७ च्या स्वारीपर्यंत मागे जातो. पण त्याच्याही चारशेवीस वर्षे आधी, १३१६ च्या जानेवारीत, देवगिरीच्या रामदेवराव यादवाचा दौहित्र दिल्लीचा सुलतान म्हणून तख्तावर बसविला गेला होता. मुलगा जेमतेम पाच-सहा वर्षांचा. त्याचे नाव शिहाबुद्दीन उमर, बाप अल्लाउद्दीन खिलजी. आणि आई, इसामी नावाच्या इतिहासकाराच्या सांगण्याप्रमाणे, रामदेवरावाची कन्या.

या बाईचे नावसुद्धा आपल्या हाती धड आलेले नाही. फारसी लिपीतून ते ‘झत्यापाली’ असे काहीतरी वाचले जाते. देवगिरीच्या वाड्यात तिला ज्या नावाने हाक मारीत असतील, ते या अक्षरांमागे कोठेतरी दडलेले आहे. हेमाद्रीसारख्या पंडिताने यादवांची वंशावळ लिहून ठेवली खरी. पण ती राजांची. मुलींना अशा मालिकेत जागा नसते.

तिचे लग्न केव्हा झाले? अल्लाउद्दीनाने देवगिरीवर प्रथम धाड घातली ती १२९६ साली, आणि त्या वेळच्या तहातच मुलगी दिली गेली असे सामान्यतः मानतात. मला मात्र उमरच्या वयाकडे पाहून शंका येते. १३१६ मध्ये पाच-सहा वर्षांचा असलेला मुलगा १३१० च्या आसपास जन्मला असला पाहिजे. १३०७-०८ मध्ये मलिक काफूरने रामदेवरावास दिल्लीला आणले. सुलतानाने त्याचा बहुमान केला, ‘राय-ए-रायान’ हा किताब दिला, नवसारीचा प्रांत बहाल केला आणि काही महिन्यांनी त्याला परत पाठविले. पराभूत राजाला एवढे औदार्य का, या प्रश्नाचे उत्तर कदाचित जनानखान्यात असेल. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण तारखा त्याच्या विरुद्ध जात नाहीत.

४ जानेवारी १३१६ रोजी अल्लाउद्दीन मेला आणि सगळी सत्ता मलिक काफूरच्या मुठीत गेली. त्याने वडील शाहजादा खिज्रखान याचे डोळे काढविले, शादीखानाचीही तीच गत केली, आणि या धाकट्या मुलाला पुढे केले. झियाउद्दीन बरनी सांगतो की, काफूर रोज तास-दोन तास मुलाला हजार खांबांच्या महालात तख्तावर बसवी आणि दरबार उठला की त्याला आईकडे पाठवून देई. बरनीच्या इतिहासातले हे एक वाक्य मला त्यातल्या सगळ्या लढायांहून अधिक बोलके वाटते. एका दालनात सल्तनत, पलीकडच्या दालनात आई.

आणि याच दिवसांत काफूरने त्या विधवेशी लग्न लावले, असे फेरिश्ता लिहितो. काफूर खोजा होता, हे फेरिश्त्याला ठाऊक आहे आणि या विवाहातली विसंगती त्याला खटकतेही. पण फेरिश्ता विजापुरात बसून लिहीत होता तो सुमारे तीनशे वर्षांनंतर. मग हे लग्न खरोखर झाले की पुढच्यांनी काफूरच्या नावावर रचलेली ती एक कुचाळकी?

माझा कल ते झाले असे मानण्याकडे आहे. खोजाला पत्नी नको होती, सावत्र पुत्र हवा होता. सुलतानाची आई ताब्यात असल्यावाचून सुलतान ताब्यात राहत नाही. तिच्या संमतीचा प्रश्न त्या वाड्यात कोणी विचारला असेल असे वाटत नाही. ज्या घरात सावत्र मुलांचे डोळे काढले जात होते, तेथे आपल्या मुलाचे डोळे शाबूत ठेवण्याची दुसरी कोणती वाट तिच्यापुढे होती? इंग्लंडात आठव्या हेन्रीने १५४३ साली कॅथरीन पार या दोनदा विधवा झालेल्या स्त्रीशी विवाह केला. तिचे मन दुसऱ्या पुरुषावर होते, हे आज आपल्याला कळते, कारण तिची पत्रे राहिली. आपल्या यादवकन्येचे एक अक्षरही राहिलेले नाही.

काफूरचा कारभार सुमारे पस्तीस दिवस टिकला. मग पहाऱ्यावरच्या पाइकांनीच त्याला मारले. मुबारकखान पालक झाला, आणि एप्रिलमध्ये उमरला बाजूस सारून स्वतः सुलतान झाला. त्या मुलाचे डोळे अखेर काढलेच गेले. त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात ठेवले आणि १३१८ मध्ये अंध भावांबरोबर ठार केले. त्याच सुमारास देवगिरीत रामदेवरावाचा जावई हरपाळदेव मुबारकच्याच आज्ञेने हालहाल होऊन मेला.

इसामीविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. महंमद तुघलकाच्या हुकुमाने दिल्लीकर दौलताबादेस निघाले, त्यांत तो होता. नव्वदीचा त्याचा आजोबा पहिल्याच मुक्कामी, आजच्या फरीदाबादजवळच्या तिलपत येथे वारला. १३५० च्या सुमारास दख्खनमध्ये त्याने आपला ग्रंथ पुरा केला. म्हणजे सिरीच्या तटाआड नाहीशी झालेल्या या मुलीचे नाव जे काही उरले, ते तिच्या माहेरच्या मुलखात आणून टाकलेल्या एका दिल्लीकराने लिहून ठेवले म्हणून.