विरामचिन्हे, अलंकार व प्राचीन वाङ्मय (इंग्रजी विषय : ठाणे, कल्याण-डोंबिवली)

ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यातील शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांत इंग्रजीच्या तासाला अभ्यासले जाणारे तीन घटक. मराठी माध्यमाचा विद्यार्थी हेच तीन घटक मराठीच्या तासालाही शिकतो. चिन्हे जवळपास तीच, अलंकार अर्धेअधिक तेच. पण वही निराळी आणि शिक्षकही निराळे. त्यामुळे एकच गोष्ट दोनदा शिकूनही तिची सांगड विद्यार्थ्याच्या मनात बसत नाही. प्रस्तुत नोंदीत विरामचिन्हांना अधिक जागा दिली आहे, कारण इंग्रजी आणि मराठी लेखनाचा सांधा तेथेच सर्वांत स्पष्ट दिसतो.

पूर्वपीठिका : या पट्ट्यातील शिक्षण व वाचनाची पार्श्वभूमी अशी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू झाली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. १८५७मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे.

विरामचिन्हे : जुन्या मराठी पोथ्यांत आजच्या अर्थाने विरामचिन्हे नाहीत. अक्षरे सलग लिहिलेली, शब्दांत अंतर नाही, चरण किंवा ओवी संपल्याची खूण म्हणून एक वा दोन दंड. वाचणाऱ्याला पदच्छेद स्वतः करावा लागे. कोठे थांबायचे हे डोळ्यांपेक्षा कान आणि परंपरा ठरवीत. ज्ञानेश्वरीची (१२९०) छापील प्रत हाती घेतली, की तीत दिसणारे स्वल्पविराम व प्रश्नचिन्हे ही ज्ञानेश्वरांची नव्हेत, संपादकांची होत. स्वल्पविराम एक शब्द अलीकडे-पलीकडे सरकला, तर विशेषण कोणत्या नामाचे हे बदलू शकते. म्हणून प्राचीन वाङ्मयाच्या अभ्यासकाने छापील चिन्हाकडे संपादकाचे मत म्हणून पाहावे.

मराठीत विरामचिन्हे आणण्याचे श्रेय सामान्यतः मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातील ते सहकारी. इंग्रजी-मराठी कोश (१८४७) त्यांच्या नावावर आहे. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५०ची. एका पुस्तिकेने लिहिण्याची सवय बदलत नाही. शालेय पुस्तके आणि छापखाने यांनी ती घडवली, म्हणून ‘आणली’ यापेक्षा ‘रुळवली’ हे क्रियापद अधिक रास्त होय. स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम, पूर्णविराम ही नावे इतकी मुरली आहेत, की ती परकी व्यवस्था होती हे आज कोणाला जाणवत नाही. हिंदीने वाक्यान्ती दंड राखला. मराठीने मात्र इंग्रजीचा टिंबवजा पूर्णविराम घेतला आणि दंड अभंग-ओवी-श्लोकांपुरता ठेवला. दहावीच्या मराठी पुस्तकात एकाच मुखपृष्ठाखाली या दोन्ही व्यवस्था नांदतात : संतकाव्यात दंड, गद्यात टिंब.

इंग्रजी लिहिताना या भागातील मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या चुका बहुधा मराठीच्या सवयीतून येतात, निष्काळजीपणातून नव्हे. मराठीत ‘तो म्हणाला, की मी उद्या येतो’ असे वाक्य शुद्ध आहे; ‘की’पूर्वी स्वल्पविराम द्यावा असे शिकवलेही जाते. तोच स्वल्पविराम विद्यार्थी इंग्रजीत ‘दॅट’पूर्वी देतो, आणि तेथे तो चूक ठरतो. शिवाय मराठी वाक्यात बोलणाऱ्याचा ‘मी’ आणि त्याचा काळ तसाच राहतो. इंग्रजीच्या अप्रत्यक्ष कथनात सर्वनाम व काळ दोन्ही बदलतात. क्रम असा आहे : आधी अवतरणचिन्हे जातात, मग सर्वनाम बदलते, मग काळ. हे मराठी वाक्य शेजारी लिहून दाखवले, तर नियम पाठ करावा लागत नाही. दुसरी अडचण अपॉस्ट्रॉफीची. या चिन्हाला मराठी लेखनात कामच नाही. षष्ठीचे काम चा-ची-चे करतात. म्हणून ‘इट्स’च्या चिन्हासह आणि चिन्हाविना अशा दोन रूपांतला भेद मुलांना अखेरपर्यंत छळतो. तिसरी गोष्ट कॅपिटल अक्षरांची : देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, त्यामुळे वाक्यारंभ आणि विशेषनाम यांची खूण हाताला मुळात सवयीची नसते.

प्राचीन वाङ्मय : इंग्रजीच्या पुस्तकात प्राचीन म्हणजे बहुधा ग्रीक व रोमन. त्यांतील एका ग्रीक ग्रंथात कल्याणचे नाव आहे, हे कल्याणच्या विद्यार्थ्याला क्वचितच सांगितले जाते. इ. स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द इरिथ्रियन सी’ या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत ‘कॅलिएना’ हे नाव एका बंदराचे म्हणून येते. शॉफ यांचे इंग्रजी भाषांतर १९१२चे. ते शालेय इंग्रजीला फार कठीण नाही. सहाव्या शतकातील ग्रीक लेखक कॉस्मस यानेही कल्याणचा उल्लेख केला आहे.

अकरावीच्या इंग्रजी ‘युवकभारती’ या पाठ्यपुस्तकात (२०१९) शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधील उतारा आहे. या नाटकाच्या पाचव्या अंकात कारागीर मंडळी पिरॅमस व थिस्बीची कथा रंगवतात. ती मुळात रोमन कवी ओव्हिड याच्या ‘मेटॅमॉर्फसीज’मधली. तिची नांदी म्हणणारा पीटर क्विन्स भलत्याच ठिकाणी थांबतो आणि नम्र स्वागताचे भाषण उद्धट होऊन बसते. शब्द तेच, विराम चुकलेले. नाटकातील ड्यूकही त्यावर विरामांचाच शेरा मारतो. विरामचिन्हांचा याहून चांगला पाठ इंग्रजी वाङ्मयात नाही. पाचवा अंक वर्गात मोठ्याने वाचून घ्यावा.

मराठी बाजूला ठाण्याचे नाव विनायक लक्ष्मण भावे (१८७१–१९२६) यांच्याशी जोडलेले आहे. मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या स्थापनेत ते अग्रभागी होते. जुनी हस्तलिखिते मिळवून प्राचीन काव्ये छापण्यासाठी त्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक काढले. सांकेतिक लिपीत बंदिस्त असलेले महानुभाव पंथाचे वाङ्मय वाचकांसमोर आणण्यातही त्यांचा वाटा मोठा. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा त्यांचा प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास, पुढे शं. गो. तुळपुळे यांनी त्याला पुरवणी जोडली.

अलंकार : उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटाफर, चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सोनिफिकेशन, अतिशयोक्ती म्हणजे हायपरबोली, येथपर्यंत जोड्या जुळतात. पुढे जुळत नाहीत. ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ या शब्दांनी ओळखली जाणारी उत्प्रेक्षा मराठीत स्वतंत्र अलंकार आहे. इंग्रजीच्या वहीत ती सिमिलीतच जमा होते. अपन्हुतीला तर शालेय इंग्रजीत नावच नाही. यमकाची मराठी व्याख्या अक्षरे पुन्हा येताना अर्थ वेगळा असावा असे सांगते. इंग्रजीच्या राइम स्कीमला अर्थाशी कर्तव्य नाही, तिला चरणान्तीचा ध्वनी पुरे. ऑक्सिमोरॉन आणि पॅराडॉक्स या दोहोंना मराठीत ‘विरोधाभास’ हे एकच नाव वापरले जाते, त्यामुळे उत्तरपत्रिकेत घोटाळा होतो.

बारावीच्या युवकभारतीत (२०२०) दिलीप चित्रे यांची ‘फादर रिटर्निंग होम’ ही मूळ इंग्रजी कविता आहे. संध्याकाळच्या उशिराच्या लोकलने घरी परतणारे वडील हा तिचा विषय. गाडीतून उतरणाऱ्या त्या माणसाला कवीने लांब वाक्यातून गळून पडलेल्या शब्दाची उपमा दिली आहे. डोंबिवलीच्या फलाटावर रोज रात्री असे वडील उतरतात. उपमेचे हे उदाहरण येथील मुलाला समजावून सांगावे लागत नाही.

परीक्षेतील स्थान : दहावीला कवितेचे रसग्रहण शीर्षक, कवी, राइम स्कीम, अलंकार, मध्यवर्ती कल्पना अशा मुद्द्यांनी लिहिले जाते. अलंकाराचे नाव पुरत नाही, कारण द्यावे लागते.



स्थानिक साधने : अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२चा (इ. स. १०६०), शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळातला, कल्याणहून लोकलने थोड्याच अंतरावर. इंग्रजी, मराठी व संस्कृत या तिन्ही विषयांच्या शिक्षकांनी मुलांना तेथे एकत्र न्यावे.