कॅम्पिंग ट्रेलरमध्ये हीटर : मेढा-महाबळेश्वरच्या थंडीत किती वॅट पुरतात आणि खरा धोका कुठे असतो?

हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे फोटो जवळपास दरवर्षी व्हायरल होतात. हीच वेण्णा नदी पुढे जावळी खोऱ्यातून मेढ्याजवळून वाहते आणि कण्हेर धरणात पोहोचते. मेढ्याच्या आसपास कास, बामणोली, तापोळा आणि केळघर घाटातून महाबळेश्वर अशी फिरण्याची ठिकाणं आहेत. हॉटेलऐवजी कॅम्पिंग ट्रेलर किंवा कॅरॅव्हॅन घेऊन इथे मुक्काम करायचा बेत आखला की पहिला प्रश्न येतो तो रात्रीच्या थंडीचा.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. त्यानंतर चाकांवरच्या मुक्कामाची चर्चा वाढली. पण अशा गाडीत ऊब कशी मिळवायची, याबद्दल साधी माहिती मराठीत फारशी सापडत नाही. बाजारात हीटर भरपूर आहेत. त्यातला कोणता घ्यायचा, तो कुठे लावायचा आणि कधी बंद करायचा, ते समजून घेऊ.

थंडी नेमकी किती असते?

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत तिथलं किमान तापमान सहसा १० ते १४ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. मग दवबिंदू कसे गोठतात?

हवामान केंद्रातलं तापमान जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीतल्या पेटीत मोजलं जातं. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री मात्र जमीन, गवत आणि पत्रा यांची उष्णता थेट आकाशाकडे निघून जाते. त्यांचं तापमान हवेपेक्षा कितीतरी खाली उतरतं. शिवाय थंड हवा जड असते. ती उतारावरून घरंगळत तळ्याकाठी आणि नदीच्या खोऱ्यात साचते. म्हणूनच मोबाइलवर १२ अंश दिसत असताना नदीकाठच्या सपाटीवर बरीच जास्त थंडी वाजते.

ट्रेलरचं छत हे असंच आकाशाकडे तोंड केलेलं पत्र्याचं पान असतं. ते रात्री हवेपेक्षाही गार होतं. त्यामुळे हीटर निवडण्याआधी गाडी कुठे उभी करायची हे ठरवणं महत्त्वाचं. नदीकाठच्या खोलगट जागेपेक्षा थोडी उंचावरची, वाऱ्याला आडोसा असलेली जागा बरी. तिथे फरक काही अंशांचा पडतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

किती वॅटचा हीटर पुरतो?

हिशोब सोपा आहे. चार मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशा ट्रेलरचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे ४० चौरस मीटर भरतो. भिंतीत फोमचा थर असेल, तर आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक टिकवायला साधारण ६० ते ८० वॅट लागतात.

बाहेर १० अंश असताना आत १८ अंश हवेत, म्हणजे फरक ८ अंशांचा. त्यासाठी सुमारे ५०० ते ६५० वॅट पुरतात. बाहेर ६ अंश असतील तर ७०० ते ९५० वॅट. झोपलेली दोन माणसं मिळून स्वतःच जवळपास १५० वॅट उष्णता देतात, ती वेगळी.

म्हणजेच या भागात ८०० ते १,००० वॅटचा छोटा हीटर पुरेसा आहे. २,००० वॅटची गरज भासत असेल, तर दोष बहुतेक वेळा हीटरचा नसून गाडीच्या भिंतींचा असतो. आतून नुसता पत्रा असलेल्या गाडीत उष्णता तिप्पट वेगाने बाहेर जाते. अशा वेळी मोठ्या हीटरपेक्षा खाली जाड सतरंजी, खिडक्यांना जाड पडदे आणि दाराच्या फटीला रबरी पट्टी यांचा उपयोग अधिक.

कोणत्या प्रकारचा घ्यायचा?

एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. १,००० वॅटचा कोणताही विजेचा हीटर तासाला एक युनिट वीज घेतो आणि तेवढीच उष्णता देतो. महागडा हीटर ‘कमी विजेत जास्त ऊब’ देतो, हा जाहिरातीचा भाग. फरक असतो तो उष्णता कशी मिळते आणि हीटर किती सुरक्षित आहे, यात.

कॉईल किंवा हॅलोजन रॉडचा हीटर स्वस्त असतो आणि समोर बसलेल्याला लगेच ऊब देतो. पण त्याची कॉईल किंवा रॉड लालबुंद तापतो. अंथरूण, पडदा, ओढणी त्याच्यापासून किमान एक मीटर लांब हवी. दोन मीटर रुंदीच्या ट्रेलरमध्ये हे अंतर रात्रभर राखणं जवळपास अशक्य. झोपेत सरकलेली चादरही पुरेशी ठरते. ट्रेलरसाठी हा प्रकार टाळावा.

ब्लोअर पंख्याने गरम हवा फेकतो. लहान, हलका, आणि दहा-पंधरा मिनिटांत गाडी उबदार करतो. त्यातही सिरॅमिक (पीटीसी) घटक असलेला ब्लोअर बरा, कारण तो तापत गेला की आपोआप कमी वीज घेऊ लागतो. तोटा आवाजाचा. शिवाय समोर कपडा आला तर हवा अडते आणि हीटर तापतो.

ऑइल हीटर, म्हणजे पन्हाळीसारख्या पट्ट्यांचा रेडिएटर, सावकाश तापतो, पण बंद केल्यावरही बराच वेळ ऊब देतो. आवाज नाही, लालबुंद काही नाही. मात्र वजन जास्त असतं आणि तो उभाच ठेवावा लागतो. गाडी चालू असताना त्याला पट्ट्याने बांधून ठेवणं आवश्यक. ९ किंवा ११ पट्ट्यांच्या मॉडेलची कमाल क्षमता २,००० वॅटच्या पुढे जाते, पण त्यात ८०० किंवा १,००० वॅटची खालची पायरी असते. ट्रेलरमध्ये तीच वापरायची.

थोडक्यात, झोपण्याआधी अर्धा तास गाडी गरम करायची असेल तर सिरॅमिक ब्लोअर, आणि रात्रभर मंद ऊब हवी असेल तर ऑइल हीटर. कोणताही घ्या, त्यावर आयएसआय चिन्ह, थर्मोस्टॅट, कलंडल्यावर बंद पडणारा स्विच आणि जास्त तापल्यावर बंद पडण्याची सोय, या चार गोष्टी तपासा.

वीज कुठून येणार?

ट्रेलरमधल्या बॅटरीवर हीटर चालेल का, हा नेहमीचा प्रश्न. उत्तर आहे, नाही. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १,८०० वॅट-अवर ऊर्जा मावते. साध्या लेड-अॅसिड बॅटरीतून त्यातली निम्मीच वापरावी, नाहीतर बॅटरी लवकर खराब होते. इन्व्हर्टरमधली घट धरली, तर ८०० वॅटचा हीटर तासभरही चालत नाही.

म्हणून हीटर लावायचा तर बाहेरची वीज हवी. म्हणजे कॅरॅव्हॅन पार्क, रिसॉर्ट किंवा एखाद्या कृषी पर्यटन केंद्राचं आवार. तिथे पोहोचल्यावर ‘प्लग आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. प्लग किती अँपिअरचा आणि अर्थिंग आहे का, हेही विचारा. ८०० वॅटचा हीटर आठ तास सलग चालला तर ६.४ युनिट होतात. त्यामुळे विजेचे पैसे वेगळे आहेत का, तेही आधीच बोलून घेतलेलं बरं.

१,००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर घेतो. तो ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर चालतो, पण त्याच बोर्डवर इलेक्ट्रिक किटली लावली तर मर्यादा ओलांडली जाते. २,००० वॅटचा हीटर पावणेनऊ अँपिअर घेतो. त्याला १६ अँपिअरचा पॉवर प्लगच लागतो.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, याचाही परिणाम होतो. व्होल्टेज १८० पर्यंत आलं, तर १,००० वॅटचा साधा हीटर ६०० वॅटच्या आसपासच उष्णता देतो. हीटर बिघडला असं समजून दुसरा जोडण्याची चूक इथेच होते.

वायरमध्ये लपलेली आग

अनेकदा आगीची सुरुवात हीटरमधून होत नाही. ती होते सैल प्लगमध्ये किंवा बारीक वायरमध्ये. मोबाइल चार्जिंगसाठी घेतलेला एक्स्टेन्शन बोर्ड हीटरसाठी नसतो. तासभर हीटर चालवून प्लगला हात लावून पाहा. कोमट ठीक, पण चटका बसत असेल तर लगेच बंद करा.

आवारातून ट्रेलरपर्यंत आणायची वायर तीन कोअरची, किमान दीड एमएमची हवी. अंतर लांब असेल तर अडीच एमएमची. वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण सोडून घ्या, कारण गुंडाळलेल्या वायरमधली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळू शकतं. जोड गवतावर ठेवू नका. पहाटेच्या दवाने तो ओला होतो.

ट्रेलरची बॉडी धातूची असते. अर्थिंग नसेल आणि हीटरमध्ये करंट उतरला, तर दाराच्या कडीला हात लावणाऱ्यालाही झटका बसू शकतो. म्हणून ट्रेलरच्या आत एमसीबीसोबत ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (किंवा आरसीसीबी) इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. खांबावरून आकडा टाकून वीज घेणं बेकायदा तर आहेच, शिवाय तिथे यातलं कोणतंही संरक्षण नसतं.

वीज नसेल तर शेगडी चालेल का?

इथेच सर्वांत मोठा धोका आहे. बंद जागेत निखाऱ्यांची शेगडी, गॅस हीटर किंवा स्वयंपाकाची गॅस शेगडी ऊब मिळवण्यासाठी पेटवू नये. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, ग्लानी येते. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळमधल्या आठ पर्यटकांचा मृत्यू झाला. थंडीमुळे त्यांनी बंद खोलीत गॅस हीटर लावला होता. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. तिथे हीटर नव्हता. जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या आत शिरला होता. म्हणजे हीटर विजेचा असला, तरी ती वीज गाडीला लागून असलेल्या जनरेटरवरून घेतली तर धोका तसाच राहतो.

विजेचा हीटर ऑक्सिजन ‘खातो’ का?

नाही. विजेच्या हीटरमध्ये काही जळत नाही, त्यामुळे ऑक्सिजन संपत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही तयार होत नाही. तरीही छताची जाळी किंवा खिडकी दोन बोटं उघडी ठेवावी. एक माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून साधारण ग्लासभर पाणी वाफेच्या रूपात सोडतो. ते गार पत्र्यावर आणि काचेवर जमतं, गादीत मुरतं आणि सकाळी सगळं दमट लागतं. हवा खेळती असेल तर थोडी ऊब जाते, पण अंथरूण कोरडं राहतं. कोरड्या अंथरुणात थंडी कमीच वाजते.

रात्रीचं वेळापत्रक

- झोपण्याआधी अर्धा तास हीटर लावा. तोवर दार वारंवार उघडू नका.
- हीटर सपाट जमिनीवर, दाराची वाट मोकळी ठेवून ठेवा. पलंगावर किंवा गादीवर कधीही नको.
- त्यावर ओले मोजे, टॉवेल वाळत घालू नका.
- ब्लोअर झोपताना बंद करा. ऑइल हीटर चालू ठेवायचा असेल तर सर्वांत खालच्या पायरीवर, थर्मोस्टॅट लावून.
- लहान मूल किंवा पाळीव प्राणी एकटं असताना हीटर चालू ठेवू नका.
- बॅटरीवर चालणारे धूर आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म लावा. आग विझवण्याचं छोटं सिलिंडर दाराजवळ हवं.

वीज मिळणारच नसेल, तर गरम पाण्याची रबरी पिशवी आणि अंगाखाली जाड अंथरूण यांचा आधार घ्या. अनेकांची चूक अशी होते की पांघरुणं दोन असतात आणि खाली पातळ गादी. थंडी मात्र खालूनही तेवढीच येते. एक घोंगडी अंगावर घेण्याऐवजी गादीवर अंथरून पाहा. गाडीची सगळी हवा तापवण्यापेक्षा झोपलेल्या माणसाची ऊब टिकवणं केव्हाही सोपं, आणि त्यात जिवाला धोकाही नाही.