कासची फुलं आणि आमची गुरं

कासचं पठार साताऱ्यापासून 25 किलोमीटरवर. म्हणायचं पठार, पण खरं म्हणजे जांभ्या दगडाची एक लांबरुंद पाटी. माती कुठं चार बोटं, कुठं तीही नाही. तिथं नाचणी धरत नाही की मोठं झाड उभं राहत नाही. म्हणून बापजाद्यांनी त्या जागेला पडीक म्हटलं आन् गुरं सोडली. शाळेत पडीकचा अर्थ निरुपयोगी असा शिकवला होता. मला तो कधी पटला नाही.

श्रावण सरता सरता त्या पाटीवर गेंद, तेरडा, सीतेची आसवं उमलायची, डबक्यात वायतुरा. हा वायतुरा तर सह्याद्रीबाहेर सापडत नाही, त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. खालच्या उताराच्या रानात कारवी. ती सात वर्षं नुसती वाढते, एकदाच फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. पूर्वी घराच्या कुडाला कारवीच लागायची. फुलायच्या आदल्या साली सगळा डोंगर छाटला तर बी पडणार कुठनं?

2012 साली युनेस्कोनं पश्चिम घाट जागतिक वारशात घेतला, त्यात कासही होतं. मग रविवारी गाड्यांची रांग. लोक फुलांत लोळून फोटो काढायचे. चार बोटं मातीवर हजारो पाय पडले, तर त्यातलं बी वर येणार कसं? तेव्हा कास, कासाणी, आटाळी, एकीव ही गावं वनखात्याबरोबर समिती करून उभी राहिली. गाड्या लांब थांबवल्या, दिवसाला किती माणसं सोडायची ते ठरलं, पोरं शिट्ट्या घेऊन उभी राहिली. हंगामात त्यांना रोज मिळतो, मिळायलाच हवा. पण उन्हाळ्यात वणवा दिसला की हिरव्या डहाळ्या घेऊन जी माणसं धावतात, त्यांच्या रोजाचं कुणी विचारत नाही.

पठाराला तारेची जाळीही ठोकली. माणसाचे पाय थांबले, पण त्याबरोबर गुरांचेही थांबले. मग वाद निघाला. गुरं चरायची तेव्हा उंच गवत दबून राहायचं, शेण पडायचं. आता गवत माजतं आणि बुटक्या फुलांना ऊन मिळत नाही, असं गावकरी म्हणू लागले. काही अभ्यासकांनीही तेच सांगितलं. दुसऱ्या बाजूचे म्हणायचे, जाळी काढली तर गर्दी पुन्हा आत शिरेल. दोन्ही खरंच होतं. माझं मत गुरांच्या बाजूनं. शेतकऱ्याचं दुसरं कुठलं असणार! पण गाय फूल खाते ते एखादं, आणि पुढं सरकते. फोटोवाला एका जागी बसतो.

पुढं ती जाळी निघाली. गर्दीवरची राखण मात्र सुटली नाही. भादव्यात अजून पोरं वाटेच्या कडेला उभी असतात, आणि संध्याकाळी गाड्या उतरल्या की पोती घेऊन बाटल्या वेचत येतात.