भूकंपोत्तर पुनर्रचनेतील दान व लोककर्तृत्व : किल्लारीचा दाखला

दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपी गेले असताना, लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आजचे धाराशिव) या जिल्ह्यांना भूकंपाचा तीव्र धक्का बसला. किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे जमीनदोस्त झाली आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. एवढ्या मोठ्या हानीचे कारण केवळ भूगर्भात नव्हते. ते घरांच्या भिंतींतही होते. मराठवाड्यातील जुने घर म्हणजे ओबडधोबड दगड मातीत रचून उभारलेल्या जाड भिंती आणि त्यांवर लाकडी तुळयांनी पेललेले मातीचे माळवद. डागडुजीच्या निमित्ताने माळवदावर मातीचे थर चढत जात व ओझे वाढत जाई. भिंतीचे आतील व बाहेरील पदर सांधणारे आरपार दगड मात्र बहुधा नसत. धक्क्यासरशी पदर फाकले आणि माळवद खाली आले.

या आपत्तीनंतर दानाचा ओघ देशातून व परदेशांतून सुरू झाला. अन्न, वस्त्र, औषधे ही तातडीची मदत झाली. काहींचे दान त्याहून लांब पल्ल्याचे होते. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त कुटुंबांतील सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली, हे त्याचे ठळक उदाहरण होय. तथापि दानाची खरी कसोटी घरांच्या पुनर्रचनेत लागली. राज्य शासनाने जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने जो कार्यक्रम आखला, त्यात दोन भिन्न मार्ग होते.

पहिल्या मार्गाने ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्यांपैकी अनेक गावे दानशूर संस्थांनी ‘दत्तक’ घेतली. हा शब्द विचार करण्याजोगा आहे. दत्तक गेलेल्याचे घर बदलते, गोत्र बदलते. आणि दत्तक जाणाऱ्या बालकाला विचारण्याची चाल नाही. या गावांचेही काहीसे असेच झाले. सरळ रेषेतील रुंद रस्ते, जमीनधारणेनुसार २५०, ४०० वा ७५० चौरस फुटांचे घर, असा आराखडा आला. घरे भक्कम झाली, हे निर्विवाद. परंतु गल्लीबोळांतून सांधलेली वस्ती विस्कळीत झाली आणि वाड्यातील अंगण, सोपा व गोठा यांचा मेळ नव्या घरात बसेना. देणाऱ्याचे काम किल्ली हाती देताच संपले; घेणाऱ्याचे तेथून सुरू झाले.

दुसरा मार्ग सुमारे १,३०० गावांतील दोन लाखांच्या आसपास घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचा होता. येथे पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती पडे व बांधकाम त्याच्याच देखरेखीखाली होई. लोकांशी संवाद राखण्याचे काम १९९४ मध्ये ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे सोपविण्यात आले. तिने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. हप्ता कधी मिळणार, सिमेंटचे प्रमाण काय, कोपऱ्यात सळई कशी बसवावी, हे प्रश्न प्रथमच चुलीपाशी चर्चिले जाऊ लागले. हा मार्गही निर्दोष नव्हता. दगडी भिंतींचा धसका घेतलेल्या अनेकांनी जुने घर बळकट करण्याऐवजी त्याच पैशांत विटा-सिमेंटची नवी खोली बांधली. तंत्रज्ञांना हा निर्णय रुचला नाही. पण तो निर्णय त्या घरातील माणसांचा होता.

या दोन मार्गांतील भेद पुढे काळाने उघड केला. घरे पुरी झाल्यावर संवाद सहायकांचे काम संपावयास हवे होते. ते संपले नाही. त्यांच्या बैठकांतून बचतगट वाढले. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा याच भागातील स्त्रिया आपला अनुभव सांगण्यासाठी गुजरातेत गेल्या. पुढे मराठवाड्यावर अवर्षणाचे संकट वारंवार ओढवू लागले, तेव्हा याच संस्थेच्या प्रेरणेने अनेक स्त्रियांनी कुटुंबाच्या जमिनीतील एखादा एकर स्वतःकडे मागून घेतला आणि नगदी पिकाऐवजी कमी पाण्यावरची धान्ये, कडधान्ये व भाजीपाला तेथे लावला. या कार्यास २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक लाभले.

भूकंप व अवर्षण यांची कारणे सर्वस्वी निराळी आहेत. एक क्षणात येते, दुसरे पावलापावलाने. परंतु दोहोंना तोंड देण्यास लागणारे सामर्थ्य एकाच जातीचे असते : माहिती मिळविणे, एकत्र बसणे, हिशेब मागणे आणि निर्णयाची जबाबदारी पत्करणे. दानाने भिंती उभ्या राहतात, आणि त्या उभ्या राहणे अगत्याचेच असते. मात्र पुढील संकटाच्या वेळी उपयोगी पडते ते भिंत उभारताना अंगी आलेले कर्तृत्व. ते वाढण्यास जे दान अवसर देते, तेच दीर्घायुषी ठरते, असा किल्लारीचा दाखला आहे.