डीफेनडॉर्फ व डॉज यांचें इ. स. १९०८ चें नेत्रगतीविषयक टिपण

१. एखादें जुनें टिपण ज्या कामासाठीं लिहिलें गेलें, त्याहून अगदीं निराळ्या वादांत तें पुढें साक्षीस उभें राहतें, हा अनुभव दप्तरें चाळणाऱ्या आमच्या वाचकांस नवा नाहीं. असाच एक प्रकार नेत्रगतीच्या संशोधनांत घडला आहे. येथील मूळ साधन हस्तलिखित नसून प्रकाशानें काचेवर उमटलेली रेघ आहे. तथापि बखरींस व पत्रांस परीक्षणाचे जे नियम आपण लावतों, तेच येथेंहि लागू पडत असल्यामुळें ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

२. अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत मिडलटाऊन हें गांव आहे. तेथील वेस्लियन विद्यापीठांत रेमंड डॉज (१८७१–१९४२) हे मानसशास्त्राचे अध्यापक होते. डोळ्याची गति मोजण्यास त्यांच्या पूर्वीं ह्यूई प्रभृति संशोधक डोळ्यावर प्लास्टरची लहान वाटी बसवीत असत. त्यामुळें डोळ्यास ओझें होई. डॉज व क्लाइन यांनीं १९०१ सालीं निराळी युक्ति प्रसिद्ध केली. बुबुळावरून परावर्तित होणारा प्रकाश हळूहळू खालीं सरकणाऱ्या काचेवर घ्यावयाचा. डोळा स्थिर असल्यास रेघ सरळ उतरते, हलल्यास बाजूस वळते. डोळ्यास कशाचाहि स्पर्श होत नाहीं. या साधनाच्या बळावर डॉज यांनीं १९०३ सालीं नेत्रगतीचे पांच प्रकार वेगळे केले. पैकीं प्रस्तुत विषयास दोन पुरेत: एका स्थळावरून दुसऱ्या स्थळीं जाणारी उडी, व हलत्या वस्तूच्या मागोमाग संथपणें जाणारी अनुगति.

३. ॲलन रॉस डीफेनडॉर्फ हे मनोविकारांचे वैद्य. मिडलटाऊनच्याच वेड्यांच्या इस्पितळांत त्यांनीं काम केलें होतें, आणि क्रेपेलिन यांच्या जर्मन ग्रंथावरून इंग्रजी ग्रंथ रचून अमेरिकेंतील वैद्यांस तें रोगवर्गीकरण उपलब्ध करून दिलें होतें. या दोघांचा संयुक्त लेख १९०८ सालीं लंडनच्या ‘ब्रेन’ या नियतकालिकांत छापला गेला. रोग्यासमोर लंबक हलवून त्यावर दृष्टि ठेवावयास सांगत. निरोगी माणसाची रेघ लाटेसारखी सलग येते. ज्यांस त्या काळीं ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ म्हणत, त्या रोग्यांची अनुगति मात्र खंडित होऊन तिच्या जागीं लहान लहान उड्यांच्या पायऱ्या दिसल्या.

४. या पुराव्याची योग्यता कशांत आहे, तें पाहूं. डॉज यांजपाशीं यंत्र होतें, पण रोगी नव्हते. डीफेनडॉर्फ यांजपाशीं रोग्यांची पारख होती, पण यंत्र नव्हतें. निदान वैद्यानें केलें, रेघ यंत्रानें काढिली. दोन निरनिराळ्या वाटांनीं आलेल्या साक्षी एका ठिकाणीं मिळाल्या, हेंच या लेखाचें बळ होय.

५. हा लेख पुढें पासष्ट वर्षें पूर्ण विस्मृतींत गेला असें समजणें बरोबर नाहीं. काउच व फॉक्स यांनीं १९३४ सालीं मनोरुग्णांच्या नेत्रगतीची छायाचित्रें पुन्हा घेतलीं. तथापि विषयास खरी चालना मिळाली ती १९७३ सालीं. फिलिप होल्झमन व त्यांचे सहकारी यांनीं त्या सालीं हाच दोष पुन्हा दाखविला, व पुढील वर्षीं तो रोग्यांच्या कांहीं आप्तांतहि आढळल्याचें प्रसिद्ध केलें. तेव्हां साहजिकच शंका निघाली, कीं हा दोष रोगाचा, कीं रोग्यास दिलेल्या औषधाचा? या रोगावरील नव्या औषधांतील पहिलें, क्लोरप्रोमॅझिन, मनोरुग्णांस १९५२ पासून दिलें जाऊं लागलें. १९०८ ची काच त्याच्या चव्वेचाळीस वर्षें आधींची. सबब हा दोष केवळ त्या औषधांनीं उत्पन्न केला, असें म्हणतां येत नाहीं.

६. परंतु साधनाकडून त्याच्या शक्तीबाहेरचें वदवूं नये. ‘स्किझोफ्रेनिया’, म्हणजे छिन्नमनस्कता, हें नांव ब्लॉयलर यांनीं योजिलें तें १९०८ सालींच; जुन्या नांवाखालचे सर्व रोगी नव्या व्याख्येंत बसतीलच असें नाहीं. शिवाय अनुगतीचा दोष इतर विकारांतहि आढळला आहे, म्हणून एकट्या रेघेवरून निदान करितां येणार नाहीं. औषधाच्या पूर्वींहि दोष होता, येवढेंच हा कागद सिद्ध करितो. आणि तेवढें सिद्ध करण्यास त्यासारखें दुसरें साधन आज नव्यानें निर्माण करितां येणार नाहीं.

७. संग्राहकांस आमची विनंति येवढीच, कीं जुन्या इस्पितळांचीं रोगी-टिपणें, यंत्रांच्या काचा व आलेख हातीं आल्यास ते रद्दी म्हणून टाकूं नयेत. त्यांवरील साल, निदान करणाऱ्याचें नांव व यंत्राचा प्रकार जसाच्या तसा उतरवून ठेवावा. सनद नसलेल्या दानाप्रमाणें, साल नसलेली रेघ वादाच्या वेळीं उपयोगी पडत नाहीं.